खुर्ची मिळाली, किल्ल्यांचे काय?

आपल्याकडे नवे कुलगुरू पदभार घेतात म्हणजे एक सही, एक पुष्पगुच्छ आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक छायाचित्र. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तसे नाही. तेथे नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाचा मोठा सोहळा असतो. झगे घातलेले प्राध्यापक आणि इतर विद्यापीठांचे प्रतिनिधी मिरवणुकीने येतात. अध्यक्षांच्या हाती चांदीच्या दोन किल्ल्या, विद्यापीठाच्या मुद्रा, जुनी दफ्तरवही आणि १६५० सालची सनद सोपवली जाते. मग त्यांना तीन पायांच्या एका जुन्या लाकडी खुर्चीवर बसवले जाते.

२९ सप्टेंबर २०२३ रोजी भर पावसात या खुर्चीवर डॉ. क्लॉडीन गे बसल्या. हैतीतून अमेरिकेत आलेल्या कुटुंबाची ही कन्या. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या त्या तिसाव्या आणि पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष. आणि २ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी राजीनामाही दिला. हार्वर्डच्या इतिहासातील ही सर्वात अल्प कारकीर्द ठरली. या घटनेकडे चळवळीतील माणसाने नीट पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

काही जण म्हणतील, झगे आणि खुर्च्या ही बड्यांची नाटके, त्यांच्याशी आपला काय संबंध? आम्ही असे म्हणणार नाही. कोणी कोठे बसायचे, हाच तर जातिव्यवस्थेचा मूळ प्रश्न आहे. ज्या बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले, त्याच बाबासाहेबांना ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने समारंभपूर्वक मानद डॉक्टरेट दिली. त्या समारंभाचे मोल ज्याला गोणपाट ठाऊक आहे त्यालाच कळते. म्हणून सोहळ्याला हसू नये. सोहळा वाचायला शिकावे.

हार्वर्डची ती खुर्ची वाचू या. तिला होलिओक खुर्ची म्हणतात, कारण १७३७ ते १७६९ या काळात अध्यक्ष असलेल्या एडवर्ड होलिओक यांनी ती विद्यापीठासाठी मिळवली. याच होलिओक यांच्या घरात गुलाम राबत होते. त्यांच्या आधीचे अध्यक्ष बेंजामिन वॉड्सवर्थ यांच्याही घरात होते. टायटस, व्हीनस, बिल्हा आणि जुबा ही त्यांची नावे. खुर्चीवर बसणाऱ्याचे नाव जगाने लक्षात ठेवले, घर झाडणाऱ्यांची नावे भिंतीवर यायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वॉड्सवर्थ हाऊस या इमारतीवर चौघांच्या नावांची पाटी लागली. २०२२ साली विद्यापीठाच्या स्वतःच्याच अहवालाने मान्य केले की, हार्वर्डचे अध्यक्ष, प्राध्यापक आणि इतर मंडळींनी ७० हून अधिक माणसांना गुलाम म्हणून ठेवले होते. झालेल्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी १० कोटी डॉलरचा निधीही जाहीर झाला. गे यांनी पदग्रहणाच्या भाषणात या चौघांची नावे उच्चारली. त्यांची कहाणी माझी नाही, पण या संस्थेने केलेल्या बहिष्काराच्या इतिहासाने आम्ही जोडलेलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मालकाच्या खुर्चीचा मान स्वीकारताना गुलामांची नावे घेणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता सनद पाहा. त्या सनदेत इंग्रज आणि तेथील मूळनिवासी अशा दोन्ही तरुणांच्या शिक्षणाचा हेतू लिहिलेला आहे. प्रत्यक्षात सतराव्या शतकात तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेला मूळनिवासी विद्यार्थी म्हणून १६६५ सालच्या केलेब चीशाटोमक या तरुणाचे नाव सांगितले जाते. कागदावर समता आणि वर्गात बहिष्कार, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय? ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची माहिती मागवली, ते डॉ. डुबॉईस हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. ते साल १८९५. पदवीपासून अध्यक्षपदापर्यंत समाजाला १२८ वर्षे लागली!

आणि किल्ल्या? गे यांनी १ जुलै २०२३ रोजी सूत्रे हाती घेतली. त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. खटला हार्वर्डविरुद्धच होता. पुढच्या वर्षीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. म्हणजे एकीला खुर्ची मिळाली तेव्हाच अनेकांसाठी दार अरुंद झाले.

गे यांच्या चुका झाल्याच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ज्यूंच्या वंशसंहाराच्या घोषणांविषयी त्यांनी दिलेले उत्तर अपुरे होते, त्याबद्दल त्यांनी माफीही मागितली. त्यांच्या काही लेखनात संदर्भ नीट दिलेले नव्हते. विद्यापीठाने ते मान्य केले, मात्र ते संशोधनातील गैरवर्तन ठरत नाही, असे सांगितले. आपल्या माणसाची चूक झाकणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. पण आम्ही एवढेच विचारतो, ज्या भिंगातून त्यांचे जुने लेखन तपासले गेले, त्याच भिंगातून इतर किती अध्यक्षांचे लेखन तपासले गेले? आपला माणूस मोठ्या पदावर गेला की त्याची गुणवत्ता रोज नव्याने सिद्ध करावी लागते आणि प्रस्थापितांची गुणवत्ता मात्र जन्मानेच गृहीत धरली जाते. हा न्याय तिकडेही आहे, इकडेही आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसे मेली, घरे जळाली. नाव मिळाले ते लढ्याने. पण नावाच्या कमानीखालून आत कोण जातो, हा प्रश्न नामविस्ताराने संपला नाही. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवल्या जातात, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही आणि पोरे अर्ध्यातून परततात. अशा वेळी आपल्यातील एकजण कुलगुरू झाला म्हणून नुसते सत्कार करून भागेल काय?

सत्कार जरूर करा. हार घाला, पेढे वाटा. पण त्याच दिवशी त्या कुलगुरूंच्या हाती समाजाने एक निवेदनही द्यावे. किती राखीव पदे रिक्त आहेत? वसतिगृहात जागा किती? आपली किती मुले शिक्षण सोडून गेली? आणि वर्षभराने याच प्रश्नांची उत्तरे मागायला पुन्हा जावे. त्यांच्यावर हल्ला झाला तर पाठीशी उभे राहावे, चुकले तर तोंडावर सांगावे. खुर्ची एकाची असते आणि ती सहा महिन्यांतही जाऊ शकते. किल्ल्या समाजाच्या हाती आल्या तर दार पुढच्या पिढ्यांसाठी उघडे राहते. त्या किल्ल्या कोणताही सोहळा आपल्याला देणार नाही, त्या संघटित होऊनच घ्याव्या लागतील.