‘अनोळखी मेल उघडू नका’ एवढ्याने भागत नाही

‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला बँकेच्या पत्रकांपासून सोसायटीच्या फलकापर्यंत सगळीकडे वाचायला मिळतो. माझा त्याला आक्षेप आहे. ओळखीच्या नावाने आलेला मेल खुशाल उघडावा, असाच अर्थ लोक त्यातून काढतात आणि भामट्यांचं तिथेच फावतं. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस ओळखीच्याच पत्त्यांवरून जगभर पसरला. ज्याचा संगणक बाधित होई, त्याच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तो त्याच्याच नावाने जाई. त्याला पाव शतक लोटलं, सल्ला मात्र तोच.

आता ‘परदेशात अडकलोय, पाकीट चोरीला गेलं, फोन बंद आहे, तातडीने पैसे पाठव’ असे मेल येतात. काहींत नाव मित्राचं आणि पत्ता भलताच असतो. मोबाइलवर बहुधा नुसतं नाव दिसतं, त्यावर बोट टेकवलं की पत्ता उघड होतो. हे सोपं. पण मित्राचं खातंच चोराच्या हाती गेलं असेल, तर पत्ताही खराच असतो. जुना पत्रव्यवहार समोर असल्याने घरच्यांची नावं, हाक मारायची तऱ्हा, सगळं जुळतं. अशा वेळी ‘खरंच तूच ना रे?’ असं मेलवरच विचारणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं. ‘फोन बंद आहे’ हे वाक्यही त्यात उगाच नसतं. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करावा, मेलमधल्या नव्हे. नाहीच लागला तर वहिनींना करावा, भावाला करावा.

त्याहून मला खटकतं ते आपलं गप्प बसणं. संशय आला की मेल डिलीट करून आपण मोकळे होतो. ‘त्याला कशाला लाजवा?’ अहो, पण त्या बिचाऱ्याला बहुधा पत्ताच नसतो! आलेली उत्तरं त्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून चोर खात्यात फिल्टर लावून ठेवतात. म्हणूनच नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही. फिल्टर, फॉरवर्डिंग आणि रिकव्हरी नंबर तपासावे लागतात, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करावं लागतं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावं लागतं. आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवावं लागतं. यात लाजायचं काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी नुसार असं तोतयेगिरीने फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खातं गेलेला माणूस इथे फिर्यादी आहे, आरोपी नव्हे.

पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार करावी. वेळेत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येऊ शकते. बँकांनी आणि सोसायट्यांनी आपल्या फलकांवरचा मजकूर आता बदलावा: ‘पैसे मागणारा मेल कोणाच्याही नावाने येवो, आधी फोन करा.’ आणि खाली १९३० हा आकडा, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली