फिरता कारागीर आणि हद्दीचा दगड

अफझलगंज हा मुळात धान्याचा गंज. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचे नाव त्यास मिळाले आणि मुसा नदीवरील नया पुलामुळे जुने शहर व उत्तरेकडील वस्ती यांचा व्यापार येथे येऊन मिळाला. आजही एकीकडे उस्मानिया रुग्णालय, दुसरीकडे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, जवळच सिद्धिअंबर बाजार आणि भांड्यांकरिता नावाजलेला बेगम बाजार, असा हा गजबजलेला भाग आहे. येथील दुकानदारांविषयी, त्यांच्या पेढ्यांविषयी आणि गुदामांविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्हांस आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे, त्यांना दुकान नाही, बंडी नाही आणि पुष्कळदा बसावयास ठरलेली जागाही नाही. सुरी-कात्रीस धार लावणारा, कल्हईवाला, छत्र्या दुरुस्त करणारा, पाट्या-वरवंट्यास टाकी लावणारी, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, आणि दुकानांच्या दर्शनी काचा व घरांच्या खिडक्या रोजंदारीवर पुसून देणारा, ही ती मंडळी.

या साऱ्यांच्या धंद्याचे एक मर्म आहे. एका गल्लीतील सुऱ्यांना एकदा धार लागली की त्या गल्लीत धारवाल्यास कित्येक महिने काम नाही. कल्हई केलेले पातेले उद्याच पुन्हा कल्हईस येत नाही. म्हणून त्याने चालले पाहिजे. चालणे ही त्याची हौस नव्हे, तोच त्याचा व्यवसाय आहे. जो परवाना त्यास चालू देत नाही, तो त्यास पोट भरू देत नाही.

आता परवान्याची गोष्ट पाहू. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला आणि त्याच वर्षी १ मे रोजी तो अमलात आला; त्यानंतर एका महिन्याने तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. कायदा चांगला आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. पथविक्रेत्याच्या व्याख्येत माल विकणाऱ्याबरोबर लोकांना सेवा देणाराही आहे आणि एका जागी बसणाऱ्याबरोबर ठिकठिकाणी फिरणाराही आहे. म्हणजे आमचा धारवाला कायद्याच्या दारात उभा आहे, बाहेर नाही. शहर फेरी समितीत निदान शेकडा ४० सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात आहे. माल जप्त झाल्यास त्याची यादी करून दिली पाहिजे, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत दिला पाहिजे, हेही त्यात आहे. त्यापूर्वी १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यापार करण्याचा हक्क, वाजवी निर्बंधांस अधीन राहून, मान्य केला होताच.

मग अडते कोठे? अडते ते हद्दीच्या दगडापाशी. प्रमाणपत्र द्यावयाचे ते त्या त्या स्थानिक संस्थेने. महानगरपालिकेची समिती वेगळी, नगरपालिकेची वेगळी, छावणी मंडळाची वेगळी. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हावी असे कायदा म्हणतो. परंतु पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीस पडतो तो बसलेला मनुष्य. फिरणारा त्या दिवशी नेमका दुसऱ्या हद्दीत असेल तर या हद्दीच्या वहीत त्याचे नाव चढावे कसे? आणि दुसऱ्या हद्दीत तो आज सकाळीच आलेला, तेथे त्यास ओळखतो कोण? दोन्ही वह्यांतून तो निसटतो. ज्याचा धंदाच चालण्याचा, तो पाहणीत सर्वांत आधी गळतो, हे आम्हांस या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य वाटते.

आमच्या शहराइतका या गोष्टीचा अनुभव क्वचितच दुसऱ्या शहरास असेल. हैदराबाद आणि सिकंदराबाद यांच्यामध्ये हुसेनसागराचा बांध तेवढा. परंतु निजामी राजवटीत बांधाच्या अलीकडे हाली सिक्का चाले आणि पलीकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्या काळच्या फेरीवाल्यास तोंडपाठ असावा लागे. (त्रैराशिकास कंटाळणाऱ्या आमच्या मित्रांनी याचा विचार करावा!) दोन्ही शहरांच्या नगरपालिका एक झाल्या त्या १९६० साली. पुढे २००७ साली भोवतालच्या १२ नगरपालिका व ८ ग्रामपंचायती सामील करून बृहत् हैदराबाद महानगरपालिका स्थापन झाली. त्यापूर्वी अफझलगंजाहून चादरघाट, मलकपेठ, दिलसुखनगर करीत लालबहादूरनगरास जाणारा मनुष्य एकाच सरळ रस्त्यावर हैदराबाद, गड्डिअन्नारम व लालबहादूरनगर अशा तीन संस्थांच्या हद्दी ओलांडीत असे. रस्ता तोच, ऊन तेच, खांद्यावरचे धारेचे चाकही तेच. सिकंदराबादची छावणी मात्र त्या विलीनीकरणात आली नाही. शहराच्या हद्दी त्यानंतरही हलत राहिल्या आहेत आणि पुढेही हलतील. कागदावरील रेघ सरकली म्हणून काल कायदेशीर असलेला कारागीर आज बेकायदेशीर ठरावा, यात न्याय तो कोणता?

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. स्कॉटलंडात १९८२ च्या एका कायद्याने खिडक्या पुसणाऱ्याचाही परवाना निर्माण केला. घराच्या खिडकीशी शिडी लावणारा मनुष्य कोण आहे, हे नागरिकांस ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. परंतु तो लागू करावा की न करावा हे प्रत्येक स्थानिक परिषदेवर सोपविले. तेथे परिषदा ३२. तेव्हा दोन परिषदांच्या सीमेवर राहणाऱ्या कारागिराने दोहोंचे नियम पाहावेत, दोहोंकडे अर्ज करावेत, दोहोंचे शुल्क भरावे. शेजारच्या इंग्लंडात त्याच कामास असा परवाना लागतच नाही.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, रस्त्यांची सफाई, गर्दी व वाहतूक यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची, तर परवान्याचा अधिकारही तिचाच असला पाहिजे. जो पदपथावर जागा अडवून बसतो त्याच्यापुरता हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. जागा मर्यादित असते. ती कोणास द्यावी हे तेथल्याच समितीने ठरवावे. परंतु कल्हईवाला जागा मागत नाही. घटकाभर थांबतो, शेगडी पेटवितो, दहा भांडी करतो आणि पुढे जातो. बसणाऱ्याचा नियम चालणाऱ्यास लावणे म्हणजे झाडाच्या मापाने पाखराला घर बांधून देणे होय.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अनोळखी मनुष्य दारी येतो, त्याची खातरजमा कोणी करावी? आमच्या मते हा आक्षेप आमच्याच बाजूचा आहे. पाच हद्दींत पाच अर्धवट वह्या असण्यापेक्षा साऱ्या राज्याची एक पुरी वही असली, तर ओळख अधिक लवकर पटेल. ओळखपत्रावर छायाचित्र व क्रमांक असला, तर गृहिणीस तरी आणखी काय हवे?

मोटार चालविण्याचा परवाना १९८८ च्या कायद्यान्वये एका गावी मिळाला की तो अखिल भारतात चालतो. वकिलास देशातील कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याची मुभा १९६१ च्या कायद्यात लिहिली गेली व २०११ साली ती प्रत्यक्षात आली. मोटार रस्त्यावर माणसाचा जीव घेऊ शकते, तरी तिच्या सारथ्यास हद्द नाही. आणि कात्रीस धार लावणाऱ्यास आहे. ज्यांच्यापाशी विद्या व द्रव्य आहे त्यांची पत्रे दूरवर चालतात, आणि गरिबाचे पत्र मात्र पुढच्या नाक्यापर्यंत, असेच याचे स्वरूप दिसते. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य सांगितले आहे, ते काय नाक्यावर संपते?

सरकारास ही अडचण दिसलेलीच नाही, असेही नव्हे. १ जून २०२० रोजी, महामारीच्या दिवसांत, पथविक्रेत्यांस प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत कर्ज देणारी केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात शहराबाहेरील वस्त्यांतून व खेड्यांतून येऊन शहरात विकणाऱ्यासही, शिफारसपत्र असल्यास, पात्र मानले गेले. म्हणजे कर्ज देताना हद्द ओलांडणारा मनुष्य सरकारास दिसला. परवाना देताना तो का दिसू नये?

त्यासाठी संसदेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. २०१४ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राचा नमुना, त्याची मुदत, अटी व शुल्क ही राज्य सरकारच्या योजनेत ठरावयाची असतात. तेथेच फिरत्या कारागिरांकरिता एक निराळे कलम घालावे: जेथे तो राहतो तेथील संस्थेने प्रमाणपत्र द्यावे, एकदाच शुल्क घ्यावे, आणि शेजारच्या संस्थांनी ते आपलेच समजून मानावे. कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळी उभे राहू नये, हे सांगण्याचा अधिकार त्या त्या संस्थेस खुशाल असावा. पाहणी मात्र बाजाराच्या भर वेळी न करता पहाटे, कारागीर घराबाहेर पडण्यापूर्वी, त्यांच्या वस्तीत जाऊन व्हावी. अर्ज तेलुगू व उर्दूबरोबर मराठीतही मिळावा. अफझलगंजाच्या आसपास तो भरून देण्यास आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी रविवारी तासभर सहज बसू शकतील.