बंड्याचं पोट आणि न सांगितलेल्या गोष्टी



मागच्या आठवड्यात भाच्याशी फोनवर वाद झाला. भाचा नाशिकला डॉक्टर आहे, माणसांचा. म्हणाला, "मावशी, औषधाचे सगळे साइड इफेक्ट्स सांगत बसलो तर पेशंट गोळी घेणारच नाही." मला उत्तर सुचलं नाही. (उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतात!) म्हणून इथे लिहिते.

बंड्या आठवतोय ना? न्यू जर्सीला लेकीकडचा फेरेट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, दिसायला मुंगसासारखा, पण मुंगूस नव्हे, पाणमांजराच्या कुळातला. वजन जेमतेम सव्वा किलो. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आतड्यात सूज धरली आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे नको तितकी भडकली आहे, असं निदान झालं. ती दाबायला प्रेडनिसोलोन सुरू केलं. औषध योग्यच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाटलीवर लिहिलेलं काय, तर दिवसातून दोनदा, खाण्याबरोबर. बस्स. तोंडीही कुणी काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत पोट गोल दिसू लागलं. नात खूश, "आज्जी, बंड्या जाड झाला!" आम्हीही खूश. एकदा मांडीवर घेतला तर पाठीचे मणके हाताला टोचले. जाड कुठला? स्टेरॉईडने स्नायू झिजतात, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट लोंबतं. कातडी पातळ होते, केस विरळ होतात, जखम लवकर भरत नाही. हे सगळं मी मागाहून वाचलं. मग एका सकाळी त्याची शी डांबरासारखी काळी. तोंडातून लाळ, दात करकर खातोय. आम्हाला वाटलं चिडलाय. फेरेटला मळमळलं की तो असंच करतो, आणि काळी शी म्हणजे बहुधा जठरात रक्तस्राव, हे आम्हाला कसं कळावं?

घाबरून पुण्याला फोन झाला. वन्सं म्हणाल्या, "स्टेरॉईड? अगं विष ते! आधी बंद करा." लेकीने बंद केलं. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू? (वन्सं, रागावू नका, चूक सगळ्यांचीच.) तिसऱ्या दिवशी बंड्या उठेना.

आता यातली गंमत बघा. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉईड बनवणं जवळजवळ थांबवतात. मग औषध एकदम तोडलं की शरीराकडे ना आपलं, ना बाहेरचं. म्हणून ते हळूहळू कमी करायचं असतं. रात्री इमर्जन्सीत नेला, सलाईन लावलं, स्टेरॉईड पुन्हा दिलं, जठराचं औषध जोडलं. वाचला.

तर भाचेबुवा, सांगितलं म्हणून नव्हे, न सांगितल्यामुळे आमच्याकडे औषध बंद झालं! आणि हे काही नवं ज्ञान नाही. कॉर्टिसोनच्या कामाबद्दल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं 1950 साली. त्याचे दुष्परिणामही तेव्हापासूनच डॉक्टरांना माहीत होत चालले होते. शिवाय तुझा पेशंट निदान "पोट दुखतंय" म्हणून ओरडतो तरी. बंड्या काय सांगणार? त्याच्या वतीने बघणारे डोळे आमचे, आणि काय बघायचं हेच आम्हाला ठाऊक नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी अ‍ॅझाथायोप्रिन जोडलं, पण देण्याआधी अर्धा तास बसवून घेतलं. या औषधाने अस्थिमज्जा दबू शकते, पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्त ठरल्या वेळी तपासायचं. जिवंत विषाणूची लस आपल्या मनाने टोचून आणायची नाही. घरात कुणाला फ्लू झाला तर त्याने बंड्याला उचलायचं नाही. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. 1933 साली लंडनला फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटांमुळेच. जावई आठवडाभर खोकत होते, त्यांना बंड्याच्या खोलीत प्रवेश बंद! कुणी घाबरलं नाही आणि एकही डोस चुकला नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला कुणी सांगू नये. मी वर्षानुवर्षं साठ-साठ मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. वेळ नव्हता म्हणून एकाचाही रकाना कोरा ठेवला नाही. मी मागतेय फक्त अर्धा कागद. काय दिसलं तर फोन करायचा आणि औषध आपल्या मनाने का थांबवायचं नाही, एवढंच.

"एवढं एका जनावरासाठी?" असंही काही जण विचारतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

नात दर रविवारी बंड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवते आणि वहीत आकडा लिहिते. त्याची पाठ चाचपायलाही शिकली आहे.

भाचेबुवा, वाचलंस तर फोन कर. रात्री नऊनंतर, माझी मालिका संपल्यावर.