वाटाण्याचे बी : किलो मोजावे की दाणे?



पुरंदरच्या पट्ट्यात पावसाळी वाटाणा पेरायची वेळ आली, की बांधावर एकच प्रश्न निघतो : "एकरी किती किलो टाकायचं?" पण रान भरते ते रोपांनी. किलोभर बियातून रोपे किती होणार, हे दाण्याच्या वजनावर आणि उगवणीवर ठरते.

घरच्याघरी हिशेब करून पाहा. दोन ओळींत 30 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर धरले, तर एका चौरस मीटरात साधारण 33 रोपे बसतात. एकरात सुमारे 1 लाख 32 हजार. आता पिशवीतले 100 दाणे सोनाराच्या काट्यावर तोला. 20 ग्रॅम भरले तर साडेसव्वीस किलो बी हवे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या 100 दाण्यांपैकी 80 च उगवले, तर तेच 33 किलो होते. आणि दाणा टपोरा, शंभरी 25 ग्रॅमची असेल, तर 41 किलो! अंतर तेच, रान तेच, पण आठ किलोंचा फरक. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला का लागू पडत नाही, ते आता ध्यानात येईल.

पेर विरळ झाली तर झाड फांद्या फोडते, शेंगाही जास्त धरते. पण मोकळ्या जागेची भरपाई एका मर्यादेपर्यंतच होते. उरलेल्या जागेत तण माजते, शिवाय शेंगा मागेपुढे भरल्याने तोडणी लांबते. उलट दाट पेरले, तर झाडामागे शेंगा घटतात, वेल लोळतो आणि खालच्या शेंगा मातीला टेकून सडतात. हवा खेळत नाही, म्हणून भुरीचे फावते; फवारा आतल्या पानांपर्यंत पोचत नाही. काही अंतरापर्यंत रोपे वाढवली की उत्पन्न वाढते, त्यापुढे वाढतो तो फक्त बियाचा खर्च. आणि वाटाण्याचे बी काही स्वस्त नाही.

जातही पाहावी लागते. अर्केल बुटकी आणि लवकर येणारी. तिला जरा दाट, 7 सेंटिमीटरवर टोकले तरी चालते. बोनव्हिलेसारखी उंच जात असेल तर 10 सेंटिमीटरच्या आत येऊ नये.

उगवण झाली की मीटरपट्टी घेऊन रानात फिरा. दहा ठिकाणी एकेक मीटर ओळीतली रोपे मोजा. दहाच्या आसपास असतील तर ठीक. पाच-सहाच दिसली, तर नांग्या आठवड्याच्या आत भरा. उशिरा लावलेले रोप शेजारच्याच्या सावलीत खुरटते. हे मोजणीचे काम शाळकरी पोरे हौसेने करतात, फक्त रोपे तुडवू नका म्हणून बजावावे लागते.

भगिनींनो, तुम्हाला एक सांगणे आहे. पिशवीतल्या बियाला रंगीत औषध लावलेले असते. दाणे मोजल्यावर हात साबणाने धुवा, आणि उरलेले बी धुऊन उसळीला घेऊ नका. ते कोंबड्यांनाही घालू नका.