गाडीचा टेप बदलताना

आण्णांच्या मारुती ८०० मधला टेप अखेर गेला. म्हणजे कॅसेटचा भाग केव्हाच गेला होता, नुसता रेडिओ चालायचा. आता तोही गप्प! गाडी २००६ ची, १५ वर्षं झाल्यावर परत पासिंग करून घेतलेली. "विकून टाकूया" असं घरात कुणी म्हटलं की आण्णा पेपर डोळ्यासमोर धरतात. तेव्हा गाडी राहणार, टेप बदलायचा असं ठरलं आणि घरातला इंजिनिअर म्हणून निवडीचं काम माझ्याकडं आलं.

आम्ही आयटीवाले. काहीही घ्यायचं तर आधी एक्सेल शीट. ब्लूटूथ, यूएसबी, वॅट, स्क्रीन... अकरा कॉलम भरले आणि शनिवारी आण्णांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भावा, अँड्रॉइड स्क्रीन टाक की! नाद खुळा दिसतंय." खरं सांगतो, मीही पाघळलो होतो.

आण्णांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याचा आवाज कमी कुठनं करायचा?"

त्यानं स्क्रीनवर एक टिचकी मारली, मग दुसरी, मग बोट सरकवलं. आण्णा म्हणाले, "आणि तवर म्होरं म्हैस आली तर?"

झालं. माझ्या अकरा कॉलममध्ये याला जागाच नव्हती.

म्हैस गमतीचा विषय नाही. २०२२ मध्ये 'वी बिलएगारे' या स्वीडिश मासिकानं नेमकी हीच चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटर वेगात रेडिओवर ठराविक स्टेशन लावणं वगैरे चार कामं करायची. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली, गाडी तेवढ्यात ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागं राहिलेल्या टचस्क्रीनवाल्या नव्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर! गंमत बघा, जिंकलेली गाडी आमच्या ८०० पेक्षाही एका वर्षानं जुनी.

म्हणून माझं स्पष्ट मत: जुन्या गाडीला गोल नॉबवाला साधा टेपच बसवावा. नकाशाचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी फोन आहे, तो बोलून वळणं सांगतो.

दुसरं कारण मापाचं. जुन्या गाड्यांत बहुधा सिंगल डिन खाच असते, १८० बाय ५० मिलीमीटर. मोठ्या स्क्रीनला १०० मिलीमीटर उंची लागते. म्हणजे डॅशबोर्ड कापायचा! एकदा कापलेला डॅशबोर्ड परत जुळत नाही. सीडीची यंत्रणा नसलेला सेट खोलीलाही कमी असतो, त्यामुळं मागं वायरी नीट बसतात.

आता खोक्यावरच्या '४ × ५० वॅट' बद्दल. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा. हिशोब केला तर आवाज न फाटता एका चॅनलला २६ वॅटच्या वर जाताच येत नाही. प्रत्यक्षात २० च्या आसपास मिळतात. ५० हा आकडा आवाज पूर्ण फाटल्यावरचा. तेव्हा खोक्यावर 'आरएमएस' वॅट किती लिहिलेत ते बघा. सगळ्या साध्या सेटांचा हा आकडा जवळपास सारखाच निघतो. मग वॅटवर भांडण्यापेक्षा पैसे चांगल्या स्पीकरवर घाला.

आणि शेवटचं, वायरिंग. नेहमीच्या रंगांत पिवळी वायर थेट बॅटरीची, सेटची मेमरी तीच सांभाळते. लाल चावीची, काळी अर्थची. मागं एका ठिकाणी फिटरनं आमच्या लाल-पिवळ्या दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडल्या होत्या. चावी काढली तरी टेप चालूच. मी पुण्याहून येईपर्यंत बॅटरी झोपलेली. तेव्हा वायर कापू नका, कपलर लावा म्हणून सांगा आणि काम संपेपर्यंत तिथंच उभे रहा. रेडिओ खरखरला तर सेटला शिव्या घालण्याआधी अँटेनाची पिन साफ करा.

असो. शेवटी नॉबवाला, ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह चालणारा साधा सेट घेतला. रविवारी गगनबावड्याकडं निघालो. आण्णांनी रस्त्यावरची नजर न हलवता नॉब फिरवला, १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर लागलं. पुढं घाटाजवळ स्टेशन खरखरायला लागलं तेव्हा त्यांनी तसंच न बघता आवाज बारीक केला आणि म्हणाले, "हं, आता बोल. पुण्यात कसं चाललंय?"

अकरा कॉलमच्या शीटमध्ये हेही नव्हतं. सोमवारी हिंजवडीला गेल्यावर मी ती डिलीट केली.