मामा, काका आणि ‘अंकल’

प्राथमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाला ‘माय फॅमिली’ आणि ‘माय बेस्ट फ्रेंड’ हे दोन विषय कधी चुकत नाहीत. दहा ओळींचा साचा ठरलेला असतो. माझ्या कुटुंबात चार माणसे आहेत, वडिलांचे नाव अमुक, आई ‘हाउसवाइफ’ आहे, माझे कुटुंब मला फार आवडते. मूल ते पाठ करते, पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवते आणि पालक कृतार्थ होतात. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास जून २००० मध्ये प्रारंभ झाला. त्या वेळी उसळलेला वाद आता शमला आहे. इंग्रजी शिकावे की नाही, हा प्रश्न बहुतेक मराठी घरांपुरता तरी निकालात निघाला आहे. ते कसे शिकवावे, हा प्रश्न मात्र आजही उभा आहे आणि त्याची खरी परीक्षा याच दोन साध्या धड्यांत होते. कारण येथे मूल प्रथमच स्वतःच्या माणसांविषयी दुसऱ्या भाषेत बोलू लागते.

बोलू लागताच पहिली अडचण येते ती नात्यांच्या नावांची. काका, मामा, आतोबा आणि मावशीचे यजमान या सर्वांसाठी इंग्रजीत एकच ‘अंकल’. काकू, मामी, आत्या आणि मावशी या सर्वांची मिळून एक ‘आंट’. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांचा तर एका ‘कझिन’मध्ये निकाल लागतो, तो भाऊ आहे की बहीण, हेही त्या शब्दावरून कळत नाही. हा केवळ शब्दसंख्येचा प्रश्न नाही. मराठी घरात प्रत्येक नात्याला स्वतःचे स्थान आणि कर्तव्य आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. बोहल्यावर वधूच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची प्रांतवार मांडणी केली. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह रूढ होता, तर चुलत बहीण ही सख्ख्या बहिणीसारखीच मानली जाते. हा भेद ज्या समाजाच्या रचनेतच आहे, त्या समाजातील मुलाला दोघींसाठी ‘कझिन’ हा एकच शब्द देऊन थांबणे म्हणजे त्याला अपुरे शिकवणे होय.

यासाठी इंग्रजीला दोष देण्याचे कारण नाही. त्या भाषेचा इतिहास पाहिला तर तिचीही ही संपत्ती एकेकाळी शाबूत होती, असे दिसते. प्राचीन इंग्रजीत चुलत्याला एक आणि मामाला दुसरा शब्द होता. आत्या आणि मावशी यांनाही वेगळी नावे होती. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, राजदरबारी फ्रेंच आली आणि पुढील काही शतकांत हे देशी शब्द मागे पडले. त्यांच्या जागी आलेल्या शब्दांचे मूळ तर आणखी बोलके आहे. ‘अंकल’ हा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ होता आईचा भाऊ, म्हणजे मामा. ‘आंट’च्या मूळ शब्दाचा अर्थ होता वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. ‘कझिन’ म्हणजे मुळात मावस भावंड. लॅटिनमधील चुलत्याचा शब्द संस्कृतातील ‘पितृव्य’ या शब्दाचा सगोत्र आहे. दरबारच्या भाषेचे वजन वाढले आणि इंग्रजांच्या घरातील मामा, आत्या व मावशी शब्दांतून नाहीशा झाल्या. मराठी समाजाने यातून घ्यायचा तो बोध घ्यावा.

मग मुलाला शिकवायचे काय? उपाय सोपा आहे. ‘माय मदर्स ब्रदर’ हे निर्दोष इंग्रजी आहे. त्याहून सोपे म्हणजे ‘माय मामा’ म्हणावे आणि पुढच्या वाक्यात तो आईचा भाऊ आहे, असे सांगावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. थोरल्या भावासाठी दक्षिणेत वापरला जाणारा ‘अण्णा’ हा शब्द २०१७ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात दाखल झाला. जी भाषा परके शब्द असे सामावून घेते, तिच्या वर्गात मराठी मुलाने आपली आत्या दाराबाहेर ठेवावी, हा आग्रह इंग्रजांचा नसून आपल्याच न्यूनगंडाचा आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. अनेक मुले ‘माय फादर आर अ टीचर’ असे लिहितात. त्यावर लाल रेघ ओढली जाते, कधी वर्गात हशाही पिकतो. ही चूक कोठून येते, याचा विचार व्हावा. ‘माझे बाबा शिक्षक आहेत’ असे मूल घरी बोलते. मराठीत वडिलांसाठी आदरार्थी बहुवचन आहे आणि ते मुलाच्या जिभेवर रुळलेले आहे. चूक आहे ती त्या आदराचीच. ‘मराठीत मान क्रियापदातून दिसतो, इंग्रजीत तशी सोय नाही’ एवढे एक वाक्य शिक्षकाने सांगितले, तर चूक दुरुस्त होते आणि मूल खजीलही होत नाही. उलट काही ठिकाणी मराठीच मदतीला धावते. ‘तो’ आणि ‘ती’, ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ हा भेद मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणून ‘ही’ आणि ‘शी’, ‘हिज’ आणि ‘हर’ त्याला लवकर उमगतात. हिंदीत ‘वह’ दोघांनाही चालतो, त्यामुळे तेथील मुलाला हे नव्याने शिकावे लागते. मातृभाषा ही इंग्रजीच्या मार्गातील धोंड असल्याचा समज किती पोकळ आहे, हे अशा उदाहरणांवरून कळते.

तिसरी आणि अधिक गंभीर गोष्ट आहे साच्याची. आई, वडील आणि दोन मुले यांचे चित्र प्रत्येक घराचे नसते. बीड जिल्ह्यातील कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्महिने गावाबाहेर असतात आणि मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाने ‘माय मदर इज अ हाउसवाइफ’ हे खोटे वाक्य का पाठ करावे? ‘माझी आई ऊस तोडते, ती उन्हाळ्यात परत येते’ ही दोन वाक्ये इंग्रजीतही तितकीच सोपी आहेत आणि ती खरी आहेत. ज्याचे वडील हयात नाहीत, त्या मुलापुढे रिकामी जागा असलेला तक्ता ठेवताना शिक्षकाने क्षणभर थांबावे. भाषा शिकवण्याच्या नावाखाली मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटू लागली, तर शिकवलेले सारे इंग्रजी महागात पडले, असेच म्हणावे लागेल.

मित्राच्या वर्णनाचेही तेच. ‘ही इज टॉल’, ‘शी इज फेअर’ अशा विशेषणांवर धडा संपतो आणि उंची व वर्ण यांवरून माणूस ओळखण्याची सवय लागते. त्याऐवजी मित्र काय करतो, हे विचारावे. तो डबा वाटून खातो, आजारी असताना वही आणून देतो, खेळताना रडीचा डाव खेळत नाही. अशा वर्णनात क्रियापदे येतात, वाक्ये वाढतात आणि माणसाची पारख गुणांवरून करण्याचा संस्कारही होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे. हे तत्त्व इंग्रजीच्या तासालाही लागू करता येईल. मुलाने आधी आपल्या घराविषयी मराठीत मोकळेपणाने बोलावे, मग तेच इंग्रजीत मांडावे. पालकांनीही पाठ केलेल्या दहा ओळींचे कौतुक थोडे आवरते घेऊन एका संध्याकाळी मुलाला जवळ बसवावे आणि घरातील प्रत्येक माणसाचे नाते त्याला समजावून सांगावे. साडू कोण, जाऊ कोण, आजोळ कशाला म्हणतात, हे ज्याला मराठीत ठाऊक आहे, तो उद्या जगातील कोणत्याही भाषेत ते सांगू शकेल. ज्याला ते मराठीतच ठाऊक नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे घर उरणार नाही, मग त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असो.