अकराव्या भाडेकरूची पागडी

रविवारी संध्याकाळी आमच्या घरातला टीव्ही माझा नसतो. युरोपात कुठे फॉर्म्युला वनची शर्यत असली की तो नातवाच्या ताब्यात जातो आणि मी, बातम्या हुकल्याबद्दल कुरकुर करत, त्याच्या शेजारीच बसून राहतो. पहिली दोन वर्षे मला आवाजाखेरीज काही कळले नाही. मग हळूहळू लक्षात आले की या खेळातला अर्धा रंग ट्रॅकवर नसतोच. तो असतो दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत पिकणाऱ्या कंड्यांत. कुठली कंपनी इंजिन करणार, कुठला संघ विकायला निघाला, नवा कोण येणार! परवा नातू म्हणाला, "आजोबा, कॅडिलॅक आली, आता बारावी टीम चीनची येणार म्हणतात."

"म्हणतात म्हणजे कोण म्हणतं?" मी विचारले. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

आधी थोडा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ स्वतःची गाडी स्वतः बनवतो. इंजिन मात्र स्वतःचे तरी असते किंवा दुसऱ्याकडून घेतलेले. खेळाच्या उत्पन्नाचा एक मोठा वाटा संघांमध्ये वाटला जातो. दहा जणांच्या पंगतीत अकरावा आला की प्रत्येकाच्या पानातले कमी होणार. म्हणून २०२१ ते २०२५ या काळासाठी झालेल्या करारात तरतूद अशी होती की, नवा संघ आला तर त्याने २० कोटी डॉलर भरावेत आणि ते जुन्या दहांनी वाटून घ्यावेत. प्रत्येकी दोन कोटी. कॅडिलॅकच्या वेळी हा आकडा ४५ कोटींवर गेल्याचे वृत्त होते. मुंबईच्या जुन्या चाळींत राहिलेल्या वाचकांना या व्यवहाराचे नाव सांगायला नको. ही पागडी आहे. फरक एवढाच की चाळीत पागडी घरमालकाकडे जायची, इथे ती बाकीचे भाडेकरू वाटून घेतात.

पूर्वी असे नव्हते. १९८९ च्या मोसमात वीस संघ आणि एकोणचाळीस गाड्या होत्या. शर्यतीत जागा सव्वीस. त्यामुळे तळाच्या संघांना शुक्रवारी सकाळीच एक चाचणी द्यावी लागे आणि त्यात नापास झालेले दुपारपर्यंत सामान आवरायला लागत. हजारो मैल जायचे, तासभर गाडी पळवायची आणि परत फिरायचे. १९९७ मध्ये लोला या नामांकित कंपनीने घाईघाईने स्वतःचा संघ उतरवला. ऑस्ट्रेलियात दोन्ही गाड्या इतक्या मंद निघाल्या की त्यांना शर्यतीत घेतलेच नाही आणि पुढच्या शर्यतीआधी संघ संपला. दार उघडे होते. आत टिकणे कठीण होते. नंतर नव्या संघाकडून ४ कोटी ८० लाख डॉलरची अनामत मागण्याची पद्धत आली. ती मला पटते. अनामत ही अर्जदाराच्या ऐपतीची परीक्षा असते. पागडी ही आधीपासून बसलेल्यांची नुकसानभरपाई. दोन्ही पैसेच, पण ती दोन वेगळी खाती आहेत.

२०१० ची गोष्ट मात्र माझ्यासारख्याला अस्वस्थ करते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी वर्षाचा खर्च चार कोटी पौंडांवर आणण्याची योजना मांडली आणि त्या भरवशावर नव्या संघांचे अर्ज आले. जुन्या मोठ्या संघांनी वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली. मर्यादा रद्द झाली, नवे संघ मात्र मंजूर झालेलेच राहिले. म्हणजे प्रकल्प अहवालातला मुख्य गृहीतकच मंजुरीनंतर बदलला! अमेरिकेचा यूएसएफ१ संघ गाडी पुरी होण्याआधीच बंद पडला. एचआरटी, ज्यात आपले करुण चंढोक आणि नारायण कार्तिकेयन यांनी गाडी चालवली, २०१२ च्या अखेरीस गेला. कॅटरहॅम आणि मारुशिया २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशासकांच्या हाती गेले. कॅटरहॅमने लोकांकडून वर्गणी गोळा करून अबुधाबीची शेवटची शर्यत गाठली. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते, तशी. मारुशियाची बॅनबरीतली जागा नव्याने येणाऱ्या हासने घेतली.

आपल्या आठवणीतला संघ म्हणजे फोर्स इंडिया. विजय मल्ल्यांनी २००७ मध्ये स्पायकर हा संघ घेतला आणि २००८ पासून तो या नावाने धावू लागला. नावात इंडिया, पण कारखाना इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला, माणसे बहुतेक तिथलीच. तरी २०१६ आणि २०१७ ला हा संघ चौथा आला, आणि तोही मोठ्या संघांच्या मानाने अगदी थोड्या पैशांत. इकडे मल्ल्यांच्या विमान कंपनीची कर्जे थकली होती. सरकारी बँकांतल्या माझ्या वयाच्या अनेकांना ते प्रकरण बातमीसारखे वाचता आले नाही. २०१८ च्या जुलैमध्ये संघावर प्रशासक आला. न्यायालयात धाव घेणाऱ्यांत संघाचाच चालक सर्जिओ पेरेझ होता. कंपनी गुंडाळली जाऊ नये आणि माणसांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून आपण हे केले, असे त्याने सांगितले. चारशेहून अधिक नोकऱ्या खरोखरच वाचल्या. तोच कारखाना १९९१ मध्ये जॉर्डन होता, आज अ‍ॅस्टन मार्टिन आहे. पाटी बदलत गेली, संघ तोच. मर्सिडीज आणि ऑडी हेही असेच चालत्या घरात आलेले. म्हणून 'नवा संघ येणार' अशी बातमी आली की मी नातवाला विचारतो, नवे घर की जुन्या घराची विक्री?

आता इंजिनवाल्यांकडे. इथे अफवा सर्वांत जास्त, कारण निर्णय कारखान्यात नव्हे, संचालक मंडळात होतात. होंडाचे बघा. २००८ च्या डिसेंबरमध्ये जागतिक मंदीमुळे ती बाहेर पडली. संघ नाममात्र एका पौंडात रॉस ब्रॉन यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी, मर्सिडीजचे इंजिन बसवून, विजेता ठरला. २०१५ ला होंडा परत आली. २०२० मध्ये पुन्हा जाण्याची घोषणा. २०२१ मध्ये जाता जाता तिच्याच इंजिनावर मॅक्स व्हर्स्टापन विजेता. २०२३ मध्ये पुन्हा येण्याची घोषणा. फळ पिकायला आले की झाड विकणारा असा बागाईतदार मी दुसरा पाहिला नाही. पोर्शचे आणि रेड बुलचे २०२२ मध्ये लग्न ठरले ठरले म्हणता सप्टेंबरात मोडले. रेड बुलने मग फोर्डचा हात धरला.

सगळ्यात वाईट वाटले रेनोचे. पॅरिसजवळच्या व्हिरी-शातियाँ इथल्या कारखान्यातल्या इंजिनांवर मॅन्सेल, प्रॉस्ट, शूमाकर, अलोन्सो, व्हेटेल जिंकले. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले काम बंद होण्याची कुजबुज सुरू झाली. तिथले कामगार मोंझाच्या शर्यतीला जाऊन प्रेक्षकांत फलक धरून उभे राहिले. महिन्याभरात निर्णय जाहीर झाला. २०२६ पासून रेनोच्या मालकीचा अल्पीन संघ मर्सिडीजचे इंजिन विकत घेणार. घरचा भटारखाना बंद करून डबा लावला. कुजबुज कधीकधी खरी निघते, आणि तेव्हा ती कुणाच्या तरी पगाराबद्दल असते.

२०२६ च्या नव्या नियमांत शक्तीचा जवळजवळ निम्मा भाग विजेवर आणि इंधन टिकाऊ स्रोतांतले, म्हणून ऑडी आणि फोर्ड ओढले गेले. त्यांना आपल्या ग्राहकांना काही दाखवायचे आहे. पण नियम अंमलात येण्याआधीच, २०२५ मध्ये, महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी जुन्या मोठ्या आवाजाची इंजिने परत आणण्याचा विषय उघडपणे काढला. नियम इतक्या लवकर पुन्हा बदलायचे म्हटले, तर कुठली कंपनी दहा वर्षांचा आराखडा करील?

आणि आंद्रेत्ती. मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा विश्वविजेता; मुलगा मायकेल संघ घेऊन यायला निघाला. २०२१ मध्ये सॉबर विकत घेण्याचा प्रयत्न फसला. मग त्याने रीतसर अर्ज केला. महासंघाने तपासणी करून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फक्त त्यालाच पात्र ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये खेळाच्या व्यापारी हक्कांच्या मालकांनी नकार दिला. आशय असा की, तुमच्यामुळे आम्हाला मिळेल त्यापेक्षा आमच्यामुळे तुम्हालाच अधिक मिळेल. त्यानंतर अमेरिकेच्या संसद सदस्यांची पत्रे गेली, सरकारच्या न्याय विभागाची चौकशी सुरू झाली, मायकेल बाजूला झाला, जनरल मोटर्स पुढे आली. आणि नोव्हेंबरमध्ये, त्याच वर्षी, होकार. अर्ज बहुतांशी तोच, अर्जदाराचा चेहरा बदलला.

हे वाचताना मला कोल्हापूरजवळची माझी शाखा आठवते. एका तरुणाने ओतकामाच्या छोट्या कारखान्यासाठी कर्ज मागितले होते. कागद बरे होते. आमच्याच खातेदारांपैकी दोन जुने कारखानदार एके दुपारी माझ्या केबिनमध्ये आले. चहा झाला. "साहेब, ऑर्डरी आहेत तेवढ्याच आहेत. तिसऱ्याला उभं केलंत तर आम्ही दोघं बुडू, आणि आमच्याबरोबर तुमचे पैसे बुडतील." त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मी अर्ज नामंजूर केला. कारण म्हणून 'बाजारपेठेची मर्यादा' लिहिले. पाच-सहा वर्षांनी तो त्या दोघांपैकी एकाच्याच कारखान्यात देखरेखीवर दिसला. मला ओळखून नमस्कार केला त्याने.

माझा निर्णय हिशेबाने बरोबर होता, आजही म्हणेन. पण तो अर्ज ऐकायला ते दोघे माझ्यासमोर बसले होते, हे बरोबर नव्हते. फॉर्म्युला वनचेही तेच झाले आहे. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, संघांच्या किमती चढल्या, आता तळाचा संघही सहसा बुडत नाही. नोकऱ्या टिकतात, हे मी कमी लेखणार नाही. पण जॉर्डनसारखा, कारखाना आणि उमेद एवढ्याच बळावर आलेला माणूस या दारातून आता येऊ शकत नाही. येतील त्या कंपन्या, आणि कंपन्या ताळेबंद बघून जातात.

हे सगळे नातवाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "पण आजोबा, कॅडिलॅक राहील ना?" त्याला काळजी आहे, कारण तिची एक गाडी पेरेझ चालवतो. मी विचारले, "इंजिन कुणाचं?" "सध्या फेरारीचं. स्वतःचं २०२९ ला येणार म्हणतात."

"म्हणतात?"

"नाही, ते मंजूर झालंय," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.